मुखरूचं वावर

कवडझरीत येऊन कुणी मुखरूचं वावर कुठलं असं विचारलं, तर लोक हसून रंभाकडे बोट दाखवत. त्यात थट्टा होती, पण खोटं काही नव्हतं. भद्रावतीच्या पलीकडे दगडी कोळशाची नवी खाण निघाली, तेव्हा गावाच्या उगवतीकडची सगळी काळी जमीन तिच्यात गेली. ज्याचं वावर गेलं त्याच्या घरातल्या एकाला खाणीत नोकरी, असं ठरलं होतं. मुखरूचं वय उलटून गेलेलं. मुलगा खुशाल तेव्हा पाटी घेऊन शाळेत जाणारा. अठरा पुरी झालेली घरात एकटी रंभा होती, नुकतीच मॅट्रिक झालेली. मुखरूचा धाकटा भाऊ देवराव हा घरातला शहाणा माणूस. तो म्हणाला, "दादा, पोरीचं नाव टाक. पोट्टा मोठा झाला का मंग पाहू." मुखरूनं नाव टाकलं. कापूस आणि तूर पिकवणारं वावर त्या दिवसापासून साडी नेसून, डबा घेऊन कामावर जाऊ लागलं.

त्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एका मोहाखाली मातामाय या गावदेवीचा शेंदूर लावलेला गोटा होता. सगळं गाव पेरणीच्या आधी तिथं नारळ फोडायचं. गोटा हलवायचा, वाजतगाजत दुसऱ्या जागी बसवायचा, असं पंचांनी ठरवलं होतं. पण कुणी सामान आणायचं यावर वाद लागला, आणि वाद मिटायच्या आत खाणीतून निघालेल्या मातीचा ढिगारा मोहासकट गोट्यावर चढला. पुढं त्याबद्दल कुणी बोललं नाही. लाज वाटायची म्हणून बोलत नव्हते.

पहिल्या वर्षी पेरणीचे दिवस आले तेव्हा रंभाची आई बायनाबाई हळदकुंकवाचं ताट घेऊन अंगणात बराच वेळ उभी राहिली. जायला धुराच नव्हता. रंभा चपला घालून कामाला निघत होती. बायनाबाई वाकली आणि तिनं लेकीच्या पायांवर हळदकुंकू वाहिलं.

"माय, हे काय करून राह्यली वं?" रंभा हसली.

"उभी राय. वावराले हलू देत नाई."

तेव्हा दोघी हसल्या होत्या. दुसऱ्या वर्षी बायनाबाई हसली नाही. मग दरवर्षीचं ते झालं.

लेक परक्या घरी देतात, वावर देत नाहीत. रंभा एकाच वेळी दोन्ही होती, आणि तिथं सगळं अडलं. पाहुणे यायचे. पोहे खाता खाता विचारायचे, पगारपत्रक पोरीच्या नावावर आहे की बापाच्या? लग्नानंतर कामावर जाईल ना? देवराव बैठकीत सुपारी कातरत त्यांच्याकडे बघायचा आणि पाहुणे गेल्यावर म्हणायचा, "पोरगी पाहाले आले का सातबारा पाहाले?" मग निरोप जायचा, यंदा नाही. असं करता करता रंभा सत्ताविशीला आली. तिच्या वर्गातल्या मुलींची मुलं शाळेत जाऊ लागली होती.

बायांना खाणीच्या पोटात उतरायची कायद्यानंच बंदी. रंभाचं काम वर होतं, बत्तीघरात. खाणीत उतरणारा माणूस टोपीला दिवा लावतो, त्या दिव्याची बॅटरी कमरेला बांधतो. पाळी संपली की तो दिवा परत करायचा, रंभा तो पुसून भिंतीवरच्या फळीत चार्जिंगला लावायची. दुसऱ्या पाळीचा माणूस खिडकीत आपला पितळी बिल्ला टाकायचा, बिल्ल्यावरच्या नंबराचा दिवा ती त्याच्या हातात द्यायची. माणसं खाली जायची, अंधारात विरघळायची, संध्याकाळच्या आधी काळी होऊन वर यायची. ज्या अंधारासाठी ती दिवे द्यायची तो तिनं कधी पाहिला नव्हता. कधी कधी तिला वाटायचं, खाली गेलेल्यांना निदान वर येण्याची वेळ ठरलेली असते.

बत्तीघराला दोन खिडक्या होत्या. एकीत रंभा, दुसरीत वच्छला. वच्छला भद्रावतीची, चाळिशीची, बौद्ध. नवरा छत कोसळून खाणीत गेला, त्याच्या जागेवर ती लागली. तिच्या जिभेला हाड नव्हतं, पण मनात किल्मिष नव्हतं. सुटीच्या दिवशी ती विजासनच्या लेण्यात जायची आणि आतल्या बुद्धमूर्तीसमोर नुसती बसायची. एकदा रंभाला म्हणाली, "चल. घरी बसून तरी काय करतं? पाय पुजून घेतं."

लेण्याच्या आत गारवा होता आणि वटवाघळांचा वास. दोघी भिंतीला टेकून बसल्या. वच्छलानं विचारलं, "तुले काय पाहिजे वं?"

"कशाचं काय?"

"जगण्याचं."

रंभाला रडू आलं नाही, राग आला नाही. फक्त आश्चर्य वाटलं, की एवढा साधा प्रश्न आणि आतून काहीच आवाज येत नाही. रिकाम्या माठात हाक मारावी तसं.

"आज नको सांगू," वच्छला म्हणाली. "पण विचारत जाय. आपल्या आपण. कोणी ऐकत नाई इथी, हे वटवाघुळं सोडले तर."

मग रंभा तिच्याबरोबर जात राहिली. पहिल्या काही खेपांना नको असलेलंच सगळं वर आलं. पाहुणे नको. हळदकुंकू नको. काकाचं "पुढं पाहू" नको. नको म्हणण्यात एक गोडी असते, तीत माणूस पुष्कळ दिवस रमतं. पण ती गोडी सरल्यावर तिनं प्रश्न उलटा करून पाहिला. उद्या बत्तीघर सुटलं तर कशाची आठवण येईल?

कोलूची, असं तिच्या मनात आलं, आणि ती सावरून बसली. कोलू हा एटापल्लीकडचा गोंड, दिसायला काळाकभिन्न, मिशा पिकलेला. अक्षरओळख नाही, त्यामुळे बिल्ला कुणाचा, दिवा कुणाचा याचा नेहमी घोळ करायचा आणि शिव्या खायचा. एकदा पाळी सुरू व्हायला अवकाश होता, तेव्हा रंभानं खडूनं खिडकीच्या फळीवर त्याचा नंबर काढून दाखवला. त्यानं बोटानं गिरवला. दुसऱ्या दिवशी तो लवकर आला, बरोबर आणखी दोघांना घेऊन. मग रोज पाळीच्या आधी खिडकीशी तिघेचौघे जमू लागले. नंबर झाले, नावं सुरू झाली. कोलूनं पहिल्यांदा आपलं नाव लिहिलं तेव्हा तो फळीपासून दूर जाऊन उभा राहिला आणि दुरून त्याच्याकडे बघत म्हणाला, "हे मी हावो?" तेवढा वेळ रंभा कुणाचं वावर नसायची.

हे तिनं वच्छलाला सांगितलं. वच्छलाची बहीण गडचिरोली जिल्ह्यात, धानोऱ्याच्या पुढं एका आश्रमशाळेत स्वयंपाकाला होती. तिथं लहान मुलींच्या वसतिगृहात राहून त्यांना लिहायवाचायला शिकवणारी बाई हवी होती. दिवाळीनंतर शाळा उघडायच्या आत. पगार थोडा, जंगल मोठं. रंभानं निरोप पाठवला, आणि तिकडून होकार आला. आता सगळं घरच्यांना सांगण्यावर येऊन ठेपलं.

तिनं एका संध्याकाळी सांगितलं. मुखरू बिडी विझवून बसला. बायनाबाई म्हणाली, "मंग वावर?"

"माय, मी नोकरीचं सांगून राह्यली."

"मी बी तेच विचारतो."

खुशाल आता विशीत होता, बारावीला दोनदा बसलेला, गावच्या दंडारीत, म्हणजे लोकनाट्यात, काम करणारा. नोकरी आपल्या नावावर येईल, या आशेवर तो वाढला होता. देवरावनं सुपारी तोंडात टाकली.

"सोडली तर नोकरी मरते. कोणालेच भेटत नाई. पण माणूस बिमारीनं कामातून गेला, डॉक्टरनं लिहून देल्लं, तर घरातल्या दुसऱ्याले घेतेत. पोरीले बिमारी पाहिजे."

"मले काई झालं नाई, काकाजी."

"म्हणूनच तर म्हनतो, पाहिजे. मिरगी घे. दिसते मोठी, लागत काई नाई. चार लोकायच्या समोर दोनतीन दा पडली का झालं. खुशाल खाणीत, तू शाळेत, वावर घरात."

फेफरं येणारी पोरगी म्हणून नाव पडलं की पुढं लग्नाचं काय, हे कुणी विचारलं नाही. रंभानंही विचारलं नाही. तिनं लेण्यात बसून नोकरी सोडण्याच्या गोष्टीकडे सगळ्या बाजूंनी पाहिलं होतं. सगळ्यांना एकाच वेळी बाहेर पडता येईल असं दार तिला सापडलं नव्हतं. हे दार बुटकं होतं, घाण होतं, पण दार होतं. ती हो म्हणाली.

अंगणात तालीम सुरू झाली. शिकवणारा खुशाल. दंडारीत तो दरसाल राक्षस होऊन मरायचा, आणि त्याचं मरण बघायला शेजारच्या गावाहून लोक यायचे.

"अशी नाई पडत, बाई. तू तर बसून राह्यली. झाड पडते तशी पड."

"झाडाले लागत नाई. मले लागते."

"खांदा आधी टाक. हां. आता हात वाकडे. डोळे वर. डोळे मिटू नको, मिटले का झोपली वाटते."

"साबण कडू हाय रे."

"मंग का गुळाचा फेस येते?"

बायनाबाई तांदूळ निवडत बसलेली. तिला हसू आवरेना. मुखरूसुद्धा हसला. खूप वर्षांनी त्या घरात सगळे मिळून हसले होते, आणि रंभा धुळीत पडल्या पडल्या त्या हसण्याकडे बघत होती. खुशालनं शेवटचं सांगितलं, "अंबाडा ढिला बांध. पडता पडता केस मोकळे झाले पाहिजे. त्यानं खरं वाटते."

दिवस देवरावनं निवडला. त्या दिवशी पगार, त्यामुळे पाळी भरगच्च, साक्षीदार भरपूर. एवढंच त्यानं पाहिलं. ती नवरात्रातली अष्टमी होती, हे त्याच्या शहाणपणातून निसटलं.

खिडकीसमोर रांग होती. बरेच जण उपाशी, कपाळाला कुंकू. रंभानं साबणाचा तुकडा दाढेखाली धरला. दिवा देण्यासाठी दाराबाहेर आली, आणि झाड पडतं तशी पडली. खांदा आधी. केस सुटले. हात वाकडे झाले. कुणीतरी ओरडलं, "मिरगी! चप्पल लावा नाकाले!" चामड्याचा वास जवळ आला. सगळं ठरल्यासारखं चाललं होतं.

"थांब बे!" हा आवाज सोमाजीचा होता. निवृत्तीला आलेला, कवडझरीचाच, त्याचंही वावर गेलेलं. "चप्पल कोणाले लावून राह्यला? ओळखली नाई का? मुखरूची पोरगी हाय हे. मातामायचा गोटा कोणाच्या धुऱ्यावर होता? अष्टमी हाय आज. केस पाह्य, केस."

मग तिच्या पायांना कुणाचं तरी कपाळ लागलं.

"चुकलं, माय," सोमाजी रडत होता. "तुले मातीत गाडून आमी पगार खाल्ला. चुकलं."

एकामागून एक माणसं खाली बसू लागली. तिला ते बुटांच्या आवाजावरून कळलं. आकाशाकडे फिरवलेल्या डोळ्यांना फक्त पत्र्याची कड दिसत होती. मिरगी कधी थांबवायची ते खुशालनं शिकवलं होतं. हे कसं थांबवायचं ते कुणी शिकवलं नव्हतं. तिनं साबण गिळला आणि उठून बसली.

"माय, दिवा दे," सोमाजी म्हणाला. "तुह्या हातचा दिवा दे, तवाच उतरतो."

तिनं दिला. काय करणार होती? त्या पाळीतल्या प्रत्येकानं दिवा तिच्याच हातून घेतला, कपाळाला लावला आणि खाली गेला.

दुसऱ्या दिवशी रंभाच्या खिडकीशी रांग होती आणि वच्छलाच्या खिडकीशी कुणी नव्हतं. चौकटीवर कुंकवाची बोटं उमटली. बाया लेकरं घेऊन फाटकापाशी थांबू लागल्या. नागा करणारे लोक रोज येऊ लागले, कारण तिच्या हातचा दिवा चुकवायची भीती वाटू लागली होती. देवराव अर्ज घेऊन साहेबांकडे गेला, तर साहेब चष्मा काढून हसले. ज्या बाईमुळे हजेरी वाढली तिला अनफिट कसं लिहू म्हणाले. डॉक्टरांनीही तपासून हात झटकले.

देवराव घरी येऊन घटकाभर खाटेवर पडून राहिला. मग उठून बसला. पडला तरी पाठ टेकून राहणारा माणूस नव्हता तो.

"दादा, फाटकाजवळ चार पत्रे टाकून देऊळ बांधू. सुटीच्या दिवशी पोरीले तिथी बसवू. वावर दोन पिकाचं झालं म्हण."

"काकाजी, मले दिवाळीनंतर जायचं हाय."

"अवं, आता कोण जाऊ देते तुले?" त्याच्या बोलण्यात धमकी नव्हती. पाऊस येणार म्हणावं तसं तो बोलला.

रंभानं आईकडे पाहिलं. साबणाचा तुकडा अष्टमीच्या सकाळी आईनंच कापून दिला होता. बायनाबाई चुलीपुढून उठली, पदर डोक्यावर घेतला.

"माय, तुले तर माहीत हाय."

"खुशालनं शिकवलं ते खरं," बायनाबाई हळू म्हणाली. "पण आलं ते आलंच. सोंगातून बी येते." आणि ताट तिच्यापुढं ठेवत म्हणाली, "जेवता का तुमी?"

तुमी. जन्मात आईनं तिला अहोजाहो केलं नव्हतं. रंभानं ताटाकडे पाहिलं. भात नेहमीसारखाच होता, भाजी नेहमीसारखीच. आपल्या घरात आपण पाहुण्या झालो, आणि असे पाहुणे की ज्यांना परत जाता येत नाही.

तरी तिला वाटत होतं, पाळीच्या आधीचा तो थोडा वेळ उरलेला असेल. तिनं खडू काढून ठेवला. कोलू आला, पण खिडकीपासून हातभर लांब उभा राहिला.

"कोलूभाऊ, आडनाव अर्धं राह्यलं होतं."

"नाई, माय." त्यानं मान वर केली नाही. "देवीच्या फळीवर कोणी लिवते का? तुले सबन ठाऊक हाय. तूच दे." त्यानं बिल्ला फळीवर ठेवला, नंबर खाली करून.

त्या आठवड्याच्या सुटीला दोघी लेण्यात गेल्या. वच्छला वाटभर चार पावलं पुढं चालली. आत बसल्यावर रंभाच म्हणाली, "एक वाट दिसून राह्यली. पुन्हा पडतो. पडून बोलतो. मातामायच्या तोंडानं सांगतो का या पोरीले जाऊ द्या. माय आयकन, काकाजी आयकन. वाजतगाजत पाठवतीन."

"आयकतीन," वच्छला म्हणाली. "मंग धानोऱ्याले कोण जाईन? तू का मातामाय?"

रंभा पदराची गाठ सोडू-बांधू लागली.

"जाशीन तिथी हे लोक मागं येतीन, नारळ घेऊन. पण ते तुह्यं तू पाह्य. मले माह्यं सांगू दे." तिचा आवाज चढला नाही. "माह्या खिडकीशी आधी बी काही जण येत नव्हते. माहीत होतं मले, काऊन येत नाई ते. पण रांग लांब असली का झक मारून यायचे. आता त्यायले कारण भेटलं. काल एक जण तोंडावर बोलला, तुह्या हातचा दिवा चालत नाई म्हणे. त्याच्या बापाच्या काळचं होतं ते वाक्य, बाई. मी समजत होती का मेलं. तू जिवंत केलं."

लेण्याच्या तोंडाशी ऊन होतं, आत येत नव्हतं. रंभानं इतके दिवस इथं बसून स्वतःला काय हवं ते शोधलं होतं. ते मिळवताना आपण कुणाकुणावर पाय दिला, हे तिनं विचारलं नव्हतं. तिनं वच्छलाचा हात धरायला हात पुढं केला. वच्छलानं तो धरू दिला नाही, झटकलाही नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीची रांग लागली. रंभानं दिवे दिले नाहीत. ती दाराबाहेर आली. ज्या जागी पडली होती तिथंच उभी राहिली. पदराच्या गाठीतून तिनं साबणाची वडी काढली.

"हे पाहा. अष्टमीले याचाच तुकडा माह्या तोंडात होता. मी पडली नाई, मी सोंग केलं. नोकरी भावाले भेटावी म्हणून केलं. माह्या अंगात कोणी आलं नव्हतं. गोटा मातीत हाय ते तुमी आमी सगळ्यायनं केलं, ते मले माफ करता येत नाई, मी कोणी नाई. वच्छलाबाईच्या हातचा दिवा अन् माह्या हातचा दिवा एकच हाय. दोन्ही एकाच तारेवर चढते."

मागून कुणीतरी शिट्टी मारली. एक तरुण ओरडला, "दंडारीत घ्या हिले, खुशालच्या पुढं जाईन!" हशा पिकला. एकानं शिवी दिली, अस्सल, आईवरून. ती तिला लोकांच्या पाया पडण्यापेक्षा बरी वाटली. कोलू खाली मान घालून उभा होता, त्याच्या चेहऱ्यावर फसवल्याचं दुःख होतं. काही जण पुटपुटत वच्छलाच्या खिडकीकडे सरकले.

सोमाजी जागचा हलला नाही. त्यानं डोळे मिटून हात जोडले. "माय पारखून राह्यली आपल्याले," तो शेजाऱ्याला म्हणाला. "चुकू नको."

त्याच्यामागं पाचसहा जण होते. तेही हलले नाहीत.

साहेबांनी बोलावलं. चौकशी, शिस्तभंग, काकाचा अर्ज, असं पुष्कळ बोलले. रंभानं विचारलं, मी नोकरी सोडली तर? साहेबांच्या कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या. फाटकाजवळचं देऊळ, रोजची गर्दी, सगळ्यांतून ते एका सहीनं सुटणार होते. "सोडलीस तर घरच्यांचा काही हक्क राहत नाही, हे माहीत आहे ना?" तिनं हो म्हटलं. तिनं सही केली. नऊ वर्षं ज्याच्यातून सुटायचं होतं ते एवढ्यात सुटलं, आणि आपल्याबरोबर आणखी तिघांच्या पायाखालून ओढून घेतलं गेलं.

घरी देवराव अंगणभर फिरत ओरडला. वावर बुडवलं, कूळ बुडवलं, पाटी घेतली अन् बत्ती विझवली. त्याचा आवाज बसेपर्यंत कुणी मधे पडलं नाही. खुशाल ओसरीच्या खांबाला टेकून उभा होता.

"माह्या वाट्याचं होतं ते," तो म्हणाला. "तू तुह्यं सोडलं अस्तं तर बोललो नस्तो."

त्याचं बरोबर होतं. तिचंही बरोबर होतं. एका वावराचे असे दोन तुकडे पडत नाहीत.

बायनाबाईनं विचारलं, "मंग आता आमचं वावर कुठी हाय?"

"माय, वावर खाणीत गेलं. मी नाई गेली."

बायनाबाईनं तिच्याकडे पाहिलं, जणू ही कोण ते ठरवत होती. मग तोंड फिरवून तिनं विळी घेतली आणि कांदा चिरायला बसली. "काय वाढू तुले?" असं विचारलं. तुले, हा शब्द तिच्या तोंडून सहज आला की रागानं, हे रंभाला कळलं नाही.

दिवाळीनंतर ती निघाली. मुखरू ट्रंक डोक्यावर घेऊन फाट्यापर्यंत आला, भद्रावतीची गाडी आली तेव्हा ट्रंक टपावर चढवली आणि परत फिरला. आई दारात आली नाही. वच्छला आली, तीही ड्यूटीवर जाताजाता. "भयनीले सांगजो, पत्र टाकत जाय म्हणा," एवढंच बोलली. रुसवा पुरता गेला नव्हता.

चंद्रपूरला गाडी बदलली. गडचिरोलीची गाडी खच्चून भरली होती. दारातून आत शिरता शिरता रंभानं दांडा धरला, तोच एका बाकावरची बाई ताडकन उभी राहिली. मांडीवरचं लेकरू तिनं कडेवर घेतलं.

"माय, तुमी बसा इथी."

रंभानं तिला ओळखलं नाही. खाणीच्या फाटकापाशी थांबणाऱ्यांपैकी कुणी असेल.

"मी माय नाई, बाई. तुमीच बसा. लेकरू हाय."

"नाई नाई. तुमच्या पुढं मी कशी बसू?"

"मी सोंग केलं होतं. सगळ्यायले सांगितलं मी."

"हो, माह्या मालकानं सांगितलं ते," बाई श्रद्धेनं म्हणाली. "तुमी असं बोलल्या म्हणून."

गाडी सुटली. रंभा बसली नाही. ती बाईही बसली नाही. एवढ्या गर्दीत ती एक जागा रिकामी राहिली, तिच्या एका बाजूला रंभा दांडा धरून उभी आणि दुसऱ्या बाजूला लेकराला सांभाळत ती बाई. कंडक्टर तिकिटं फाडत आला, म्हणाला, "बसा ना वं कोणीतरी, का जागा मले देता?" कुणी हललं नाही. खिडकीबाहेर सागाची रानं मागं पडत होती, पाय दुखू लागले होते. रंभाला एकदा वाटलं, बसून घ्यावं, एवढ्यातेवढ्यानं काय होतं. तिनं दांडा दुसऱ्या हातात घेतला.

मूलला गाडी थांबली. एक म्हातारा दोन कोंबड्या बगलेत मारून चढला. त्यानं हिला पाहिलं नाही, तिला पाहिलं नाही. रिकामी जागा पाहिली, धोतर सावरलं आणि बसला.